धक्क्याचे अर्थकारण

छायाचित्रकार हेल्मुट न्यूटन यांच्याविषयीचा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही शमलेला नाही. १९२० साली बर्लिनमध्ये एका ज्यू कारखानदाराच्या घरी ते जन्मले आणि इव्हा या नावाने प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकर्तीच्या हाताखाली शिकले. १९३८ मध्ये नाझी छळामुळे त्यांनी देश सोडला. मागे राहिलेल्या इव्हा १९४२ मध्ये छळछावणीच्या वाटेवर गेल्या, त्या परतल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील स्थानबद्धता व सैन्यातील नोकरी यांतून वाट काढीत न्यूटन १९६१ मध्ये पॅरिसला स्थिरावले आणि ‘व्होग’ मासिकातून गाजले.

त्यांच्या चित्रांतील स्त्री लाजत नाही, आर्जव करीत नाही. १९७५ मधील प्रसिद्ध छायाचित्रात ती पुरुषी सूट घालून, हाती सिगारेट घेऊन निर्जन गल्लीत उभी आहे. चाहत्यांना यात स्त्रीचे सामर्थ्य दिसते. सुझन सोन्टॅग यांनी मात्र १९७९ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर त्यांच्या समक्षच ही चित्रे स्त्रीद्वेष्टी ठरविली.

या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो: या धक्क्याचा लाभ कोणाला? फॅशनची मासिके वस्त्रनिर्मात्यांच्या जाहिरातींवर जगतात आणि ग्राहकाचे लक्ष ही बाजारातील दुर्मीळ वस्तू आहे. साहजिकच चित्रातील स्त्रीची बेदरकारीही पोशाखाबरोबरच विक्रीस मांडली जाते.

२००४ मध्ये न्यूटन मोटार-अपघातात निवर्तले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उघडले. तेथे ही चित्रे कलाकृती म्हणून पाहिली जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांतील सामर्थ्याचा गौरव करताना त्याची किंमत कोणी मोजली आणि नफा कोणी घेतला, हेही विचारले पाहिजे.