परतीची वाट

थंडी पडू लागली की वर्ध्यातल्या घराघरांत रविवारच्या सहलीचा विषय निघतो आणि हटकून बोरधरणापाशी येऊन थांबतो. सागाचे जंगल, त्यातून वाहणारी बोर नदी, धरणाचे पाणी आणि भोवती टेकड्या. घरातली तरुण मंडळी म्हणतात, जीप नको, पायीच जाऊ. नदीकाठाने आत शिरू आणि टेकडीवरून परत येऊ. मागणी उत्तम आहे, जागा मात्र त्या मागणीसाठी नाही.

बोर हे 1970 पासूनचे अभयारण्य. 2014 साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. ‘बाजीराव’ नावाचा इथला वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाखाली सापडून मेला. ज्याला स्वतःच्या घरात फिरायला जागा पुरत नाही, त्याच्या अंगणात आपण पायी फिरायचा हट्ट धरू नये. आत जायचे ते परवानगीच्या वाहनातून, हा नियम योग्यच आहे. जंगलालगतच्या गावांतली माणसे त्याच टापूत रोज जीव मुठीत धरून शेतावर जातात. त्यांची ती गरज आहे, आपला तो छंद. छंदाने थोडे बाजूला व्हावे.

मग चालायचे कुठे? आणि कसे?

आमच्या बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही रकमेपेक्षा परतफेड आधी पाहत असू. पायी सहलीलाही तोच न्याय लावावा. जाणे सोपे असते. उन्हे चढल्यावर, पाय दुखत असताना, धाकट्याला झोप आलेली असताना परत येणे हा खरा हिशेब. म्हणून बेत परतीपासून मागे आखावा. त्यातही गेल्या वाटेनेच परतायचे म्हटले की मुले कंटाळतात. निघालो तिथेच यायचे, पण वेगळ्या वाटेने, हे आपल्याला काही नवे नाही. त्र्यंबकेश्वरला श्रावणात ब्रह्मगिरीचा फेरा करतात, नर्मदेची परिक्रमा करतात. पायाखालची वाट बदलत राहते आणि मध्ये डोंगर किंवा नदी असते. प्रदक्षिणेची गंमतच ती.

वर्धेकरांना अशी प्रदक्षिणा घालायला धाम नदी आहे. पवनारला नदीच्या खडकाळ पात्राशी आश्रम. तिथून सेवाग्राम, बापूकुटीच्या अंगणातल्या झाडाखाली विसावा, आणि परत पवनार. एकूण बारा ते पंधरा किलोमीटर धरावेत. एका बाजूने डांबरी रस्ता, दुसऱ्या बाजूने पांदण मिळते का, हे आदल्या दिवशी जाऊन शेतकऱ्यांना विचारून यावे. नकाशापेक्षा त्यांचा शब्द खरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम, कारण पुढे वर्ध्याचे ऊन कोणाची गय करत नाही. सकाळी साडेसहाला निघावे. माणशी दोन लिटर पाणी, पोळीभाजी, चार संत्री. चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. अर्धी वाट होण्याआधी कोणी थकले तर सरळ मागे फिरावे. अर्धी ओलांडल्यावर पुढे जाणेच जवळचे. पाण्यात उतरू नये, खडकांवरून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा. किती वाजता परतणार, हे घरी कोणाला तरी सांगून ठेवावे. वाटेत तुरीच्या शेंगा दिसतील. त्याही विचारूनच तोडाव्यात.

या वाटेचा अधिकारही मोठा आहे. विनोबा 1951 साली पवनारहून चालत निघाले आणि भूदानासाठी देश पालथा घालून 1964 साली पवनारलाच परतले. एवढी मोठी प्रदक्षिणा घातलेल्या माणसाच्या गावी आज कुटुंबाला निवांत चालता येईल अशी सावलीची एक सलग वाट असू नये?

अडचण आहे ती सावलीची. 2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे तोडली गेली, तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. तो विरोध निव्वळ भावनेचा नव्हता. वाहनातून जाणाऱ्याला झाड म्हणजे अडथळा वाटते. चालणाऱ्याला तोच रस्ता असतो. झाड गेले की पायी जाणारा आपोआप गाडीत बसतो, आणि मग गाड्या वाढल्या म्हणून रस्ता आणखी रुंद करावा लागतो.

घाट आणि रोषणाई यांवर खर्च करायला सरकारला आवडते. फोटो चांगले येतात. मागणे एवढेच की धामच्या काठाने शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन पायवाट आखावी, दुतर्फा कडुनिंब, करंज, चिंच लावावी, मैलामैलावर पाण्याची सोय करावी आणि दिशेच्या पाट्या रोवाव्यात. याला फार पैसा लागत नाही. लागतात ती पंधरा-वीस वर्षे. आज लावलेल्या कडुनिंबाची सावली आमच्या वाट्याला येणार नाही, हे ठाऊक आहे. पण बोरचे जंगल बोरच्या वाघाला द्यायचे, तर आपल्या नातवंडांना धामचा काठ तरी द्यायला हवा.