चीजची वडी आणि नागलीची भाकर

जव्हार-मोखाड्यातील कुपोषणाचा विषय निघाला की शहरातून आलेला कोणी ना कोणी पाहुणा एक उपाय हमखास सुचवतो. परदेशातली मुले चीज खाऊन धडधाकट होतात, मग आपल्या अंगणवाडीत रोज चीजची एक वडी का देऊ नये? कोणी त्याच्याही पुढे जाऊन इथेच चीजचा कारखाना काढा म्हणतो. सुचवणाऱ्याच्या मनात पाप नसते. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याच्या शेतात काय पिकते आणि ते काय भावाने जाते, हे न विचारता ताटात काय वाढावे ते ठरवायची ही खोड जुनीच आहे.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, चीज वाईट नव्हे. साधारण 10 लिटर दूध आटापिटा करून जमवावे, तेव्हा 1 किलो चीज होते. दुधातले पाणी निघून जाते आणि सत्त्व एकवटते. चांगल्या मुरलेल्या चेडर चीजच्या 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने, 30 ग्रॅमहून जास्त स्निग्धांश आणि सुमारे 700 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. धान्य-भाजीत न मिळणारे बी-12 जीवनसत्त्वही असते. दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जात असल्यामुळे ज्याला दूध बाधते त्याला मुरलेले चीज पचू शकते. आल्प्सच्या डोंगरातल्या गुराख्यांनी चीज केले ते हौसेने नव्हे. उन्हाळ्यातले दूध बर्फाच्या दिवसांसाठी राखायचे होते. आपण नागली कणगीत राखतो, तसेच ते.

पण चीजमध्ये लोह जवळजवळ नाही. आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी, त्यावर चीजचा इलाज चालत नाही. मीठही भरपूर असते. आणि आपल्याकडे दुकानात मिळते ते बहुधा प्रक्रिया केलेले चीज, म्हणजे चीज वितळवून त्यात पाणी व क्षार घालून केलेली वडी. त्यात 100 ग्रॅमला प्रथिने 20 ग्रॅमच्या घरात.

आता हिशेब करू. असे चीज किलोला 500 रुपये धरा, प्रत्यक्षात जास्तच पडते. त्यातून प्रथिने मिळाली 200 ग्रॅम. त्याच 500 रुपयांत 7 रुपयांप्रमाणे 71 अंडी येतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, म्हणजे 426 ग्रॅम प्रथिने. सरकारने 2025-26 साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये जाहीर केला. म्हणजे 1 किलो चीजसाठी आपल्या माणसाने 10 किलोहून जास्त नागली विकायची. त्या 10 किलो नागलीत प्रथिने सुमारे 700 ग्रॅम आणि कॅल्शियम 35 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोभर चीजच्या कितीतरी पट. ही खरेदी कोणता शहाणा करील?

नागलीतले सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही, हे खरे आहे. मोड आणले, आंबवले, की जास्त लागते. आपल्या म्हाताऱ्या आंबील करीत होत्या त्या उगाच नव्हे. आणि लहान मुलाचे पोट असते मुठीएवढे. नुसत्या भाकरीने ते भरते, पण ताकद पुरत नाही. थोडक्या घासात जास्त ताकद हवी, म्हणजे स्निग्ध हवे. चीजचा खरा गुण हाच. पण स्निग्ध आपल्या माळावरच पिकते! खुरासणीच्या दाण्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल असते. आपण खुरासणी पोत्याने व्यापाऱ्याला घालतो आणि दुकानातून पामतेलाची पिशवी आणतो. घाण्यावर गाळून चार बाटल्या घरात ठेवल्या तर पोराच्या आंबिलीत चमचाभर तेल पडेल. जोडीला उडदाचे वरण, बाजारची सुकट. सुक्या बोंबलाचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो.

कारखान्याचे म्हणाल तर दूध कुठले आणणार? आपली डांगी गाय मुसळधार पावसात आणि चिखलात टिकणारी, तिचा मान बैलासाठी. दूध ती बेताचेच देते. असेल ते आधी वासराच्या आणि घरच्या पोराच्या तोंडी जाऊ द्या. जिथे दूध उदंड आहे, त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या भावांनी चीज जरूर करावे. मात्र त्यांचे दुखणे निराळे आहे. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल घालून केलेला माल चीज, पनीर म्हणून ताटात येतो. असा माल ‘अ‍ॅनालॉग’ आहे हे वेष्टनावर सांगण्याचा नियम आहे, पण गिऱ्हाइकाच्या प्लेटला वेष्टन कुठले? तिथे त्या दूधवाल्याच्या बाजूने आपण उभे राहिलेच पाहिजे.

1992-93 साली वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावली. 2016 साली मोखाड्याचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. मधल्या काळात योजना किती आल्या त्याची गणती नको. त्यातली 2015 ची अमृत आहार योजना मात्र धरून ठेवण्यासारखी आहे. गरोदर व स्तनदा मातेला एक वेळचे पूर्ण जेवण आणि पुढे मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी, ही कल्पना चीजच्या वडीपेक्षा शंभर पटीने शहाणपणाची. फक्त अंडे वेळेवर यायला हवे आणि पैसे अंगणवाडी ताईच्या पदरचे जायला नकोत.

जिल्ह्याच्या बैठकीत चीजवर चर्चा करायचीच तर करा, पण ठराव दुसरे मांडा. दिवाळी झाली की माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघतात. त्याआधी हाती रोकड हवी म्हणून नागली आणि खुरासणी पडेल त्या भावाने जाते. हमीभाव कागदावर राहतो. म्हणून आदिवासी विकास महामंडळाचे खरेदी केंद्र माणसे गाव सोडण्यापूर्वी उघडले पाहिजे, नागलीबरोबर खुरासणीही घेतली पाहिजे आणि पैसे आठवड्यात मिळाले पाहिजेत. आणि भट्टीवर गेलेल्या पोराचे अंडे त्याच्या मागोमाग भट्टीजवळच्या अंगणवाडीत जावे, गावच्या हजेरीपटावरून त्याचे नाव गळाले तरीही.