नाव परत घ्यायला परवानगी कुणाची?



लग्न मोडल्यावर बाईने माहेरचं नाव परत घ्यावं की नाही, यावर आपल्यात प्रत्येकाला मत असतं. ज्या बाईचं ते नाव, तिला मात्र परवानगी मागावी लागते. तीही नवऱ्याची!

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका स्त्रीने केंद्रीय राजपत्रातल्या नावबदलाच्या अटींना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. विवाहित स्त्रीला माहेरचं आडनाव परत लावायचं, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत द्या, नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र आणा. केस चालू असेल तर निकालापर्यंत थांबा. नवऱ्याचं नाव लावताना माझ्या वडिलांची हरकत आहे का, हे कुणीही विचारलं नव्हतं.

आता दुसरं टोक बघा. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने एका घटस्फोटित स्त्रीला पूर्वीच्या नवऱ्याचं नाव वापरायला केलेली मनाई कायम ठेवली. म्हणजे टाकायचं तर त्याची परवानगी, ठेवायचं तरी त्याचीच. दोन्हीकडे नाव ही नवऱ्याची मालमत्ता, बाई फक्त भाडेकरू.

मराठी बाईचं तर नुसतं आडनाव जात नाही. मधलं नाव जातं आणि कित्येकींचं पहिलंही. (आनंदीबाई जोशी मुळात यमुना होत्या.) १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येईल, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच निर्णयात विवाहितेचं नाव मात्र पूर्वीसारखंच राहिलं: तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव. त्यावर कुणी बोललं नाही.

इथे सिंगापुरात आपला पास पासपोर्टवरच्या नावाने निघतो. बँक, घराचा करार, सगळं त्याला टांगलेलं. त्यात इथल्या घटस्फोटात आधी अंतरिम निकाल, मग साधारण तीन महिन्यांनी अंतिम. तो भारतात चालेल का, हा वेगळाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालानंतर एकतर्फी मिळवलेला परदेशी हुकूमनामा तिकडे टिकेलच असं नाही. बाई इथे मोकळी आणि तिथे अजून सौभाग्यवती!

माझी केस चालू असताना मी भारतातल्या एका बँकेत नाव बदलायला गेले होते. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मिस्टरांची सही आणलीत का?" खातं माझं, त्यातला पैसा माझ्या पगाराचा.

"अगं, पण मुलांचं काय? शाळेत आईचं आडनाव वेगळं दिसेल..." हे मला आपल्यातल्याच सुशिक्षित, पुरोगामी म्हणवणाऱ्या लोकांनी ऐकवलंय. अहो, आपण राहतो कुठे? इथल्या चिनी मुलांच्या आया लग्नानंतरही ओळखपत्रावर स्वतःचंच आडनाव ठेवतात. मलाय शेजारीण नावापुढे 'बिन्ते' लावून जन्मभर बापाचीच लेक राहते. (तीही पितृसत्ताच, पण निदान लग्नाने तिचं नाव पुसलं जात नाही.) कुठल्याही शिक्षिकेला त्यात मोडलेला संसार दिसत नाही. तो दिसतो आपल्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत.

माझ्या एका मैत्रिणीने घटस्फोटानंतरही सासरचं आडनाव ठेवलं, कारण तिचे पंधरा वर्षांचे शोधनिबंध त्या नावावर आहेत. तिला 'स्वाभिमान नाही' म्हणणाऱ्या स्त्रीवादी मैत्रिणींशीही माझं भांडण आहे.

मागणी साधी आहे. बाईचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरे. केस चालू असो, संपलेली असो, की संसार सुखाचा असो. फसवणूक होईल म्हणता? नाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो, इथला ओळख क्रमांकही तोच. कर्जबुडव्याला पकडायला नवऱ्याची सही कशाला हवी?

आणि या मोसमात ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना एक विनंती. लग्नानंतर नाव बदलणं भारतीय कायद्याने बंधनकारक नाही. मुलीच्या पासपोर्टला हात लावू नका, आणि सूनबाईंच्या तर मुळीच नाही.