‘एवढ्यानें काय होतें?’

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटांत रॉकेलांत बुडवून ठेविलेला सोडियमचा तुकडा तुम्हीं पाहिला असेलच. तो तेलांत कां ठेवितात, असें विचारल्यास पहिल्या बाकावरील मुलगा उत्तर देईल कीं, पाण्याशीं गांठ पडतांच तो पेट घेतो. ज्या पाण्यास आपण जीवन म्हणतों, तेंच कांहीं पदार्थांच्या बाबतींत प्राणघातक ठरतें. हें सत्य आपण परीक्षेपुरतें पाठ करितों. परंतु भोपाळ शहरास त्याचें मोल हजारों प्राणांनीं द्यावें लागलें.

१९८४ सालच्या डिसेंबर महिन्यांतील २ व ३ तारखांमधील ती रात्र. यूनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांत एका टाकींत सुमारें ४० टन मिथिल आयसोसायनेट नांवाचा द्रव साठविलेला होता. हा द्रव अवघ्या ३९ अंश सेंटिग्रेडला उकळतो. त्याची वाफ डोळे व फुप्फुसें जाळते. आणि पाणी मिसळल्यास तो आपोआप तापत जातो. त्या टाकींत पाणी शिरलें. तें कसें शिरलें याविषयीं वाद आहे. नळ धुतांना तें आंत गेलें, असें कामगारांचें म्हणणें. कोणी तरी तें मुद्दाम सोडलें, असें कंपनीचें म्हणणें. तो वाद क्षणभर बाजूस ठेवूं व एवढेंच पाहूं कीं, संकट आवरण्याच्या साधनांची त्या रात्रीं काय अवस्था होती.

टाकी थंड ठेवणारें यंत्र कित्येक महिने बंद होतें. विषारी वायु धुऊन निरुपद्रवी करणारें यंत्र थांबवून ठेविलेलें होतें. निसटलेला वायु जाळून टाकणारा मनोरा नळाच्या दुरुस्तीसाठीं तोडून ठेविला होता. पाण्याचे फवारे वायूच्या उंचीपर्यंत पोहोंचूं शकले नाहींत. त्या विभागांतील माणसेंही काटकसरीसाठीं कमी केलेली होतीं. रात्रीं साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरूं लागले, तेव्हां गळती आहे हें कळलें. परंतु चहा झाल्यावर पाहूं असें ठरलें, असें पुढें वृत्तपत्रांनीं केलेल्या तपासांत आढळून आलें. तासाभरांतच तो वायु झोंपलेल्या वस्तीवर पसरूं लागला. तत्काळ मृत्युमुखीं पडलेल्यांचा शासकीय आंकडा २,२५९ होता. इतरांचे अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. इजा झालेल्यांची संख्या २००६ सालीं शासनानें न्यायालयापुढें ५,५८,१२५ अशी सांगितली.

यांतील एकही चूक, एकेकटी पाहिली तर, राक्षसी वाटत नाहीं. आज शीतयंत्र बंद ठेविलें. एवढ्यानें काय होतें? उद्यां मनोऱ्याचा नळ काढला. एवढ्यानें काय होतें? ह्या एका वाक्यानें त्या कारखान्याची एकेक भिंत पोखरली होती. सूचना मिळाली नव्हती, असेंही नाहीं. १९८१ सालीं त्याच कारखान्यांत फॉस्जीन वायूनें एक कामगार दगावला होता, आणि राजकुमार केसवानी ह्या भोपाळच्या पत्रकारानें १९८२ पासून येणाऱ्या संकटाविषयीं लिहिलें होतें. त्यांचें लिहिणें वाचणारे होते. मनावर घेणारे नव्हते.

येथें आम्हां शिक्षकांस व पालकांस एक कडू प्रश्न स्वतःस विचारावा लागतो. वर्गांत जो मुलगा ‘कां?’ म्हणून विचारतो, त्यास आपण वाचाळ म्हणतों. घरांत जी मुलगी वडिलांची चूक दाखविते, तिला उद्धट म्हणतों. दहा वर्षें ज्यास गप्प बसण्याचें शिक्षण दिलें, तो पुढें कारखान्यांत उभा राहून, ‘साहेब, हें यंत्र बंद आहे, मी काम सुरू करणार नाहीं,’ असें कोणत्या बळावर म्हणेल? १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांस व शेजारच्या वस्तीस देणें मालकावर बंधनकारक झालें, व समोर दिसणारा धोका वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगारास मिळाला. परंतु कायदा हक्क देऊं शकतो. जीभ देऊं शकत नाहीं. ती घरीं व शाळेंतच मिळाली पाहिजे. अर्थात् नुसतें बोलणेंही पुरेसें नाहीं. ऐकणाऱ्यानें यंत्र बंद ठेवून नफा मोजणें सोडलें पाहिजे, आणि तुमच्यांपैकीं कांहीं उद्यां ऐकणाऱ्याच्या खुर्चींतही बसतील.

म्हणून कोणत्याही घातक पदार्थास हात लावण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय आजच लावून घ्या. हा पदार्थ कशाशीं मिसळला असतां खवळतो? खवळल्यास त्यास आवरण्याचें साधन आज, ह्या क्षणीं, चालू आहे काय? आणि आजूबाजूच्या लोकांस काय करावें हें ठाऊक आहे काय? चष्मा न लावितां आम्ल ओतणाऱ्या मित्रास थांबवा. घरीं मोरी धुतांना तेजाब व ब्लीचिंग पावडर एकत्र करूं देऊं नका. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

तिसऱ्या प्रश्नाचें महत्त्व भोपाळच्या लोकांइतकें कोणासच कळलें नसेल. ते अंधारांत जीव घेऊन धांवले, आणि धांवतांना लागलेल्या दमानें अधिकच विष आंत ओढीत गेले. नाकातोंडावर ओलें फडकें धरलें असतें, तर कित्येकांचे प्राण वांचले असते, असें जाणत्यांनीं पुढें सांगितलें. टाकींत शिरून ज्या पाण्यानें अनर्थ केला, तेंच पाणी घरोघरच्या माठांत भरलेलें होतें. परंतु त्याचा उपयोग करा, असें त्यांस आधीं कोणीं सांगितलेंच नव्हतें.