रील बघून घराचं वायरिंग आणि नळाचं काम : कुठपर्यंत चालतं, कुठे थांबायचं?

गणपती जवळ आले की किनाऱ्यावरच्या गावांत घराचं काम निघतंच. शिरगाव, सातपाटीच्या घरांपासून बोईसरच्या चाळी आणि इमारतींपर्यंत कुठे बाथरूम नवं होतं, कुठे किचनमध्ये पॉइंट वाढतात, कुठे गच्चीवर नवी टाकी चढते. आता त्याच्या जोडीला मोबाइल आलाय. गिझर कसा जोडायचा, स्विचबोर्ड कसा वाढवायचा, जुना पाइप काढून नवा कसा टाकायचा, सगळं ५ मिनिटांच्या व्हिडिओत मिळतं. वायरमन आणि प्लंबर दिलेल्या दिवशी येत नाहीत, आले तर मजुरी परवडत नाही. म्हणून लोक स्वतःच पक्कड घेऊन उभे राहतात.

यात सगळंच चुकीचं नाही. व्हिडिओत दाखवलेली जोडणीही बऱ्याचदा बरोबर असते. फक्त तुमच्या भिंतीच्या आत किती जाडीची वायर आहे आणि अर्थिंग कुठे जातं, हे व्हिडिओवाल्याला माहीत नसतं. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १० हजारांहून जास्त माणसं जातात. त्यामुळे स्वतः काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे नीट समजून घेतलेलं बरं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे वीज सुरक्षेचे नियम आहेत. २०१० चे नियम बदलून २०२३ मध्ये नवे आले. पण घरातल्या कामाबद्दलचं मूळ तत्त्व १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून तेच आहे. तिथे ते ४५ व्या नियमात होतं.

हे तत्त्व सोप्या भाषेत असं : दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण किंवा फिटिंग बदलायला सूट आहे. अट एवढीच की त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापुढचं काम, म्हणजे नवा पॉइंट काढणं, वायरिंग बदलणं, जोडणी वाढवणं, हे राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस हवा आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा.

म्हणजे जळालेला स्विच काढून तसाच दुसरा बसवला, तर चालतं. त्याच बोर्डातून गिझरसाठी नवा १६ अँपिअरचा सॉकेट काढला, तर चालत नाही. हाताचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच, मग फरक का? कारण दुसऱ्या कामात भिंतीतल्या वायरवरचा भार बदलतो.

हिशोब बघा. २ हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट घेतो. ३ हजार वॉटचा घेतला तर १३ अँपिअर. दिवे-पंख्यांच्या लाइनला सहसा १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते. पॉवर सॉकेटला २.५ ची आणि मोठ्या गिझरला किंवा एसीला ४ ची वायर ओढतात. दिव्याच्या लाइनवर गिझर टाकला तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. गिझर चालतो, पाणी तापतं, सगळे खूश. पण सांध्यापाशी उष्णता साठत जाते, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं आणि काही महिन्यांनी एक दिवस वास येतो.

पण गावात परवाना बघतं कोण?

हा प्रश्न रास्त आहे. या पट्ट्यात विजेचं काम येणाऱ्यांची कमी नाही. देशातली पहिली अणुवीज १९६९ मध्ये तारापूरलाच तयार झाली आणि शेजारी एमआयडीसी आहे. आयटीआय करून कारखान्यात मेंटेनन्सला लागलेला एखादा तरी नातेवाईक घरोघरी सापडेल. घरातलं काम त्यालाच सांगितलं जातं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र वेगळं आणि शासनाचा परवाना वेगळा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कारखान्यात दुरुस्तीआधी वर्क परमिट निघतं, स्विच बंद करून त्याला कुलूप लागतं, वर पाटी अडकवली जाते, वीज खरंच गेली आहे का हे तपासलं जातं आणि मगच हात लागतो. तोच माणूस रविवारी घरी फ्रिज बंद पडेल म्हणून मेन चालू ठेवून बोर्ड उघडतो. कारखान्यात त्याचा जीव वाचवते ती ही पद्धत, आणि घरी येताना तो तीच गेटवर सोडून येतो.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची आणि मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं, हेही बऱ्याच जणांना अपघात झाल्यावरच कळतं.

पाइप बदलला आणि अर्थिंग गेलं

नळाचं काम आणि विजेचं काम वेगवेगळं आहे, असं आपण धरून चालतो. जुन्या घरांत ते तसं नसतं.

पूर्वी बऱ्याच घरांत सॉकेटची तिसरी, म्हणजे अर्थिंगची वायर लोखंडी जीआय पाइपला क्लँप लावून अडकवलेली असायची. पाइप पुढे जमिनीत गेलेला, त्यामुळे काम भागायचं. आता तो पाइप गंजला म्हणून तुम्ही प्लास्टिकचा सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी पाइप टाकला. प्लास्टिकमधून वीज जात नाही. म्हणजे ज्या दिवशी पाइप बदलला, त्याच दिवशी घराचं अर्थिंग गेलं. दिवे लागतात, पंखे फिरतात, कुणाला काही कळत नाही.

अर्धवट काम याहून वाईट. बाहेरचा पाइप प्लास्टिकचा झाला आणि आतला थोडा लोखंडी राहिला, तर अर्थिंगच्या वायरी त्या तुकड्याला जोडलेल्याच राहतात. एका उपकरणात करंट उतरला, तर तो त्या पाइपात येतो आणि त्यावरच्या प्रत्येक नळाला. म्हणून प्लंबरने लोखंडी पाइप कापण्याआधी त्याला हिरवी वायर जोडलेली आहे का, एवढं तरी बघा. असेल तर आधी वेगळं अर्थिंग करून घ्या आणि मग पाइप बदला.

खारी हवा, खारं पाणी

किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. खाऱ्या दमट हवेत पितळी टर्मिनलवर हिरवट थर चढतो, स्क्रू सैल पडतात, सांधा तापतो. जमिनीत पुरलेली अर्थिंगची पट्टीही इथे लवकर गंजते. त्यामुळे १५ वर्षांपूर्वी केलेलं अर्थिंग आजही चालू आहे, असं गृहीत धरू नका. ते मोजून घ्यावं लागतं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात आणि कालांतराने तिच्या धातूच्या नळीला छिद्र पडू शकतं. मग करंट थेट पाण्यात उतरतो, आणि खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं. अर्थिंग शाबूत असेल तर करंट जमिनीत जातो. नसेल तर त्याला उरलेला रस्ता म्हणजे नळाखाली ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस.

एमसीबी आहे ना, मग भीती कसली?

एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. ६ अँपिअर म्हणजे ६ हजार मिलिअँपिअर. माणसाच्या जिवाला ३० मिलिअँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो. म्हणजे ६ अँपिअरचा एमसीबी न पडता जेवढा करंट जाऊ देतो, त्याच्या दोनशेव्या हिश्शात माणूस जाऊ शकतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली नाही, तर तो बिघडला आहे. नव्या टाइल्सच्या खर्चापुढे आरसीसीबीचा खर्च किरकोळ असतो, तरी बजेट कमी पडलं की पहिली काट यालाच बसते.

अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेने जोडा, हा जुगाड ऐकला असेल तर विसरून जा. न्यूट्रल कुठेही तुटला, तर फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या बाहेरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

नळाच्या कामात काय जपायचं?

नळाची चूक सहसा जीव घेत नाही, भिंत घेते. तरी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच लागतो. साधा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी असतो, गरम पाण्याने तो मऊ पडतो. आणि टाइल्स लावण्याआधी लाइन दाबाखाली ठेवून गळती तपासा.

दोन, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बुच मारून बंद करू नका. आतला दाब तिथूनच बाहेर पडतो. तो बंद झाला तर टाकी फुटू शकते.

तीन, सार्वजनिक नळाच्या लाइनला थेट मोटर लावू नका. शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातंच, शिवाय लाइनमधला दाब उलटा होऊन गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते पुढे सगळ्या आळीच्या हंड्यात जातं, तुमच्याही.

मग स्वतः काय करायचं?

बल्ब, पंखा, तसाच दुसरा स्विच, नळाचा वॉशर, शॉवर, फ्लशच्या टाकीतला बॉल कॉक, बेसिनखालची जाळी : ही कामं खुशाल करा. विजेच्या कामाआधी मेन बंद करा आणि घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी येऊन तो चालू करतं. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, कारण बिघडलेला टेस्टर कुठेच लागत नाही. वायर आयएसआय मार्कचीच घ्या.

नवा पॉइंट, गिझर, एसी, पंप, अर्थिंग आणि डीबी बॉक्स ही कामं परवानाधारकाकडे द्या. एसी किंवा पंप घेण्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा, कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज करा.

काम झालं की वायरमनकडे दोन आकडे मागा : मेगर लावून मोजलेला वायरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि अर्थिंगचं रीडिंग. ते लिहून, तारीख घालून त्याची सही घ्या. आणि भिंत बुजवण्याआधी आतल्या वायरी आणि पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ड्रिल घेऊन उभा राहणारा कदाचित तुमचाच मुलगा असेल.