लिलावाचे ज्योतिषी आणि आपली पोट्टी

आयपीएलचा लिलाव जवळ आला की आपल्या अमरावती-अकोल्यात भविष्य सांगणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. राजकमल चौकातल्या टपरीपासून व्हॉट्सॲपच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच विषय. "भाऊ, आपला पोट्टा यंदा पक्का जाते पहा!" "कितीत जाते?" "दोन कोटीच्या खाली बातच नाही." मग कोणीतरी त्या पोराच्या फोटोवर आकडा टाकून पोस्टर बनवतं, आणि दुसऱ्या दिवशी ते पोराच्या घरच्यांपर्यंत पोहोचतं.

चर्चेला माझी ना नाही. क्रिकेटवर बोलायला आपल्याकडे पैसे पडत नाहीत. पण या अंदाजांचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि चुकलेल्या अंदाजाची किंमत अंदाज सांगणारा भरत नाही. ती भरते ते पोरगं आणि त्याचे मायबाप. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी आकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदीतल्या जेद्दाहला मोठा लिलाव झाला. नोंदणी केली होती १,५७४ खेळाडूंनी. शेवटी विकले गेले १८२, त्यातले ६२ परदेशी. म्हणजे साधारण दर नऊ जणांत एक. आता समजा एखाद्या माणसाने क्रिकेटची एकही मॅच न पाहता, यादीतल्या प्रत्येक नावापुढे "हा विकला जाणार नाही" असं लिहून टाकलं, तर तो १०० पैकी ८८ वेळा बरोबर ठरला असता! त्यामुळे "माझे इतके अंदाज खरे ठरले" असं कोणी छाती ठोकून सांगितलं की आधी विचारा, किती सांगितले होते आणि त्यात सोपे किती होते. ऋषभ पंत विकला जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

हे भविष्य सांगायचं वेड फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत तर त्याचा मोठा उद्योग आहे. तिथे त्यांचं ते वेगळं फुटबॉल, हातात धरून पळायचं. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांमधून व्यावसायिक संघ दरवर्षी खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. बोली लागत नाही. मागच्या वर्षी जो संघ सगळ्यात खाली राहिला, त्याची निवडायची पाळी आधी. सात फेऱ्या होतात. प्रत्येक पोराची उंची, वजन, धावण्याचा वेग मोजलेला असतो. कॉलेजच्या सामन्यांचं चित्रण उपलब्ध असतं. एवढं असूनही २००० साली मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी नावाचा पोरगा सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी १९८ जण. पुढे त्याने सात वेळा अजिंक्यपद जिंकलं, इतकं दुसऱ्या कोणीच जिंकलेलं नाही.

रिचर्ड थेलर नावाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत, २०१७ चं नोबेल मिळालेले. त्यांनी आणि केड मॅसी यांनी या ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन पोरांपैकी आधी निवडलेला हा त्याच्यानंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना साधारण ५२ टक्के दिसली. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्या, पगारी तज्ज्ञ ठेवणाऱ्या संघांची ही गत. मग मोबाईलवर स्कोअरकार्ड पाहून सांगणाऱ्या आपल्या गल्लीतल्या पंडिताचं काय?

आपला लिलाव तर त्याहून अवघड. तिथे निदान क्रम ठरलेला असतो. इथे खेळाडू किती चांगला आहे यापेक्षा त्या घडीला कोणत्या संघात कोणती जागा रिकामी आहे, कोणाच्या खिशात किती उरलेत आणि तुमचं नाव कितव्या गटात पुकारलं गेलं, यावर सगळं ठरतं. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. जुने राखलेले वजा केले की छोट्या लिलावात जागा थोड्याच उरतात. १६ डिसेंबर २०२५ ला अबू धाबीत लिलाव झाला तेव्हा दहा संघांच्या मिळून ७७ जागा होत्या. त्याच लिलावात कार्तिक शर्मा आणि प्रशांत वीर या दोन पोरांची बोली ३० लाखांपासून सुरू झाली आणि चेन्नईने प्रत्येकाला १४ कोटी २० लाख मोजले. किंमत अशी वर जायला दोन संघ हट्टाला पेटावे लागतात. दुसऱ्याने हात खाली घेतला की तोच खेळाडू काही लाखांत जातो. खेळ तोच, पोरगं तेच.

आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माचंच पाहा. २०१६ ला मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांत घेतलं. तेव्हा "जितेश आयपीएलमध्ये जाईल" म्हणणारे खरे ठरले. पण तो मुंबईकडून एकही सामना खेळला नाही. पहिला सामना मिळाला थेट एप्रिल २०२२ मध्ये, पंजाबकडून, २० लाखांच्या बोलीवर. वय तेव्हा २८. मधली सहा वर्षं त्याच्यावर पोस्टर बनवायला कोणी आलं नव्हतं. मग २०२४ च्या लिलावात काय झालं? बंगळुरूची बोली ७ कोटींवर होती. पंजाबने जुना खेळाडू परत घ्यायचा आपला हक्क वापरला. नियमाप्रमाणे बंगळुरूला शेवटचा आकडा सांगायची एक संधी मिळाली, त्यांनी ११ कोटी सांगितले आणि पंजाबने माघार घेतली. म्हणजे चार कोटी एका क्षणात वाढले, तेही एका नियमामुळे. हे कोणत्या पंडिताच्या वहीत लिहिलेलं होतं? पुढे २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढून जितेशने ते ११ कोटी वसूल करून दिले, आणि आठवड्याभरात बंगळुरूने पहिलं विजेतेपद जिंकलं. पण ती फलंदाजी बारा वर्षांच्या मेहनतीची होती, लिलावाची नाही.

दर्शन नळकांडेचं घ्या. जन्म वर्ध्याचा, घडला अकोला क्रिकेट क्लबमध्ये. पंजाबने त्याला २०१९ च्या मोसमासाठी ३० लाखांत घेतलं. पहिला सामना मिळाला २०२२ ला, तोही गुजरातकडून. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, याच पोराने मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकचे चार चेंडूंत चार गडी बाद केले होते. आणि गुजरातकडून पहिल्याच सामन्यात पंजाबच्या ज्या फलंदाजांना त्याने बाद केलं, त्यात कोण होता? आपला जितेश! अकोल्याच्या क्लबातल्या पोराने अमरावतीच्या पोराची विकेट काढली, मुंबईच्या मैदानावर, आयपीएलमध्ये. वऱ्हाडाने त्या दिवशी पेढे वाटायला पाहिजे होते. आपण मात्र कोण कितीला गेला एवढंच लक्षात ठेवतो.

आणि अकोल्याचा अथर्व तायडे. पंजाबकडून २०२३ ला लखनौविरुद्ध ६६ धावा काढल्या, नंतर हैदराबादकडे गेला, त्यांनी सोडलं. डिसेंबर २०२५ च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं, कोणीच हात वर केला नाही. "संपला", "आता नाही होत बाप्पा" अशा कमेंटा मी स्वतः वाचल्या. महिना जेमतेम सरला होता तेवढ्यात, जानेवारी २०२६ मध्ये, विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रविरुद्ध त्याच अथर्वने १२८ धावा ठोकल्या आणि विदर्भाने हा करंडक पहिल्यांदा जिंकला. आता सांगा, लिलावाने त्याची लायकी मोजली होती की संघांची त्या दिवसाची गरज?

हर्ष दुबेचं उदाहरणही असंच. २०२४-२५ च्या रणजी मोसमात त्याने ६९ बळी घेतले, एका मोसमातला स्पर्धेचा विक्रम, आणि विदर्भ विजेता झाला. नोव्हेंबरच्या लिलावानंतर मात्र तो एकाही आयपीएल संघात नव्हता. मे २०२५ मध्ये हैदराबादचा एक खेळाडू जखमी झाला तेव्हा बदली म्हणून त्याला बोलावणं आलं. दुसऱ्याच्या दुखापतीने उघडलेलं दार! याचा अंदाज कोण बांधणार?

आता मूळ मुद्दा. बिहारच्या वैभव सूर्यवंशीला १३ व्या वर्षी राजस्थानने १ कोटी १० लाखांना घेतलं आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक काढलं. ते पोरगं अफाट आहे, त्यात वाद नाही. पण तेव्हापासून आपल्याकडे बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे व्हिडिओ "पुढचा करोडपती" म्हणून फिरू लागलेत. सोयाबीनला भाव नाही, कापसाचे पैसे अडकलेले, आणि बाप पोराच्या किटसाठी, अकॅडमीसाठी उसनवारी करतो. शाळेत नाव आहे, पोरगं मैदानावर. त्यात "फी भरा, थेट ट्रायलला पाठवतो" म्हणणारे मध्यस्थ असतातच. अशा माणसाचा माल विकला जातो तो आपल्या या भविष्यवाण्यांच्या जोरावर. लक्षात ठेवा, पैसे घेऊन आयपीएलची निवड कोणीच करून देऊ शकत नाही. ती वाट जिल्हा संघ, विदर्भ संघ आणि त्यातली कामगिरी यांतूनच जाते.

यावर काही मित्र म्हणतात, "अरे, गवगवा केल्याशिवाय वऱ्हाडातल्या पोराकडे कोण पाहणार? मुंबई-पुण्याच्या पोरांचा गवगवा होतोच नं?" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. दुर्लक्ष होतं हे खरंच आहे. पण संघांचे शोधपथकवाले आपल्या पोस्टी वाचून पोरं निवडत नाहीत. ते सामने पाहतात, चित्रण पाहतात, आकडे पाहतात. २०२५ च्या जूनमध्ये विदर्भाची स्वतःची टी-२० लीग सुरू झाली ती त्यासाठीच कामाची. फक्त तिचे सामने नागपूरच्या जामठ्याला. अमरावती-अकोल्याच्या वाट्याला काय? मागायचंच असेल तर इथे सामने मागा. चांगली खेळपट्टी मागा. सामन्यांचं चित्रण व्हावं हे मागा. ते मिळालं तर आपल्या पोरांकडे पाहायला लोक आपोआप येतील, पोस्टरची गरज पडणार नाही.

आणि गवगवा करायचाच तर झालेल्या खेळाचा करा. अमेरिकेत कॉलेजचे सामने लाखभर लोक मैदानात बसून पाहतात. आपल्या संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कोणी शतक काढलं तर पेपरात चार ओळी येतात का? जिल्हा संघाकडून पाच बळी घेणाऱ्या पोराचं नाव शेजारच्या वॉर्डाला माहीत नसतं, पण लिलावातला आकडा सगळ्यांना पाठ.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच.

एक, अंदाज सांगायचा तर कारणासकट सांगा. कोणत्या संघात, कोणती जागा रिकामी आहे आणि हा तिथे का बसतो. आणि लिलाव झाल्यावर आपली यादी परत टाका, बरोबर किती, चूक किती.

दोन, अठरा वर्षांखालच्या पोरांवर कोटीचे आकडे लिहू नका. त्यांना अजून बारावी काढायची आहे.

तीन, नाव पुकारलं आणि बोली लागली नाही, तर त्या घरी सांत्वनाला जाऊ नका. कोणी मेलेलं नसतं. रणजीत खेळणाऱ्याला मानधन मिळतं, पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव असतो, आणि मधे खेळ असतो.

मायबापांनो, तुमच्या पोराबद्दल कोणी छातीठोक आकडा सांगितला तर त्याला एकच विचारा, "भाऊ, मागच्या वर्षी कोणाकोणाबद्दल सांगितलं होतं?" बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबेल.

तुमच्या गावात, तालुक्यात या मोसमात कोणी चांगलं खेळलं असेल, पोरगा असो की पोरगी, तर कमेंटमध्ये टाका. सामना कोणता, कुठे, धावा किती, बळी किती. किंमत लिहू नका.