खोडदची जाळी आणि काचेची नळी

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या अनेक शाळांसाठी खोडदची सहल. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पाहून एखादे मूल हमखास विचारते, ‘ही तर जाळी आहे, भोकांतून लहरी निसटत नाहीत का?’

प्रश्न लाखमोलाचा आहे. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते, त्यांची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. एवढी लांब लहर त्यातून जात नाही, वारा मात्र जातो. म्हणून सांगाडा हलका ठेवता आला, खर्चही वाचला. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या या दुर्बिणीचे निम्मे चातुर्य त्या भोकांत आहे. पण बाईंना पन्नास मुले मोजायची असतात आणि उत्तर मिळते, ‘रांगेत चला.’ दोष बाईंचा नाही. अभ्यासक्रम संपवायची घाई आणि कागदपत्रांचे ओझे त्यांच्यावर आम्हीच टाकले आहे.

शाळांतल्या विज्ञान प्रदर्शनांत आता थर्माकोलचे तयार ज्वालामुखी दिसतात. दुकानातून आणलेले, पालकांनी रंगवलेले. बक्षीसही त्यांनाच! पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान शिकवले. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

डॉक्टर म्हणून मला याची काळजी का वाटावी? आमच्या भागात सर्पदंश नवा नाही. शाळेत त्यावर बोलताना मी सांगतो, घोणस चावली की रक्त गोठत नाही. ते तपासायला यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करायची. एकदा सातवीतल्या मुलीने विचारले, ‘काचेचीच का?’ काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत ती नीट होत नाही आणि निदान चुकू शकते. हा प्रश्न मी शिकाऊ डॉक्टरांकडूनही क्वचितच ऐकला आहे.

अशी मुलगी घरात असली, तर ‘दोरी आवळून बांधा’ म्हणणाऱ्याला ती ‘का?’ विचारेल. मण्यार चावल्यावर कधी खूणही दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. भावाचे डोळे उघडत का नाहीत, हे जिला खटकेल तीच वेळेत १०८ ला फोन लावायला सांगेल. पाठ केलेल्या उत्तरांत हे खटकणे येत नाही.

या वर्षी प्रदर्शनात तयार मॉडेल नाकारावीत आणि मुलांच्या प्रश्नांनाही गुण द्यावेत. वर्गात प्रश्नांची एक पेटी ठेवावी. शरीराविषयीच्या चिठ्ठ्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवाव्यात. ओपीडी संपल्यावर महिन्यातून एक तास शाळेत येणे आम्हा डॉक्टरांना अवघड नाही.